धोलावीराला छप्पर

डोळे मिटा बरं थोडा वेळ. मिटलेत? आता एक शहर डोळ्यांसमोर आणा. फार जुनं. इतकं जुनं, की आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीसुद्धा ते नांदतं पाहिलेलं नाही. भोवती मिठाचं पांढरं वाळवंट, नजर पोचेल तिथवर. मधे एक बेट. बेटावर दगडी तट, सरळ आखलेले रस्ते आणि खडकात खोदलेले मोठाले हौद, पावसाचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून एकमेकांना जोडलेले. माणूस मात्र एकही नाही. घरांच्या भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या आहेत, छपरं कधीच गेली आहेत, आणि वारा वेशीतून आत शिरतो तेव्हा त्याला "कोण पाहिजे?" असं विचारायला कोणी नाही.

हे झालं कच्छच्या रणातलं धोलावीरा. आता तेच शहर उचला, एका प्लायवुडच्या फळीवर मावेल एवढं लहान करा, आणि नवी मुंबईत, पावणे गावात, कमळाकर भोईरांच्या घराच्या गच्चीवर, पाण्याची टाकी आणि कपड्यांची दोरी यांच्या मधे ठेवून द्या. जमलं? मग उघडा डोळे. आपली गोष्ट त्या गच्चीवरच घडली.

शहर बांधलं होतं कमळाकरांच्या नातीने, जागृतीने. ती सहावीत होती आणि शाळेत इतिहासाचं प्रदर्शन होतं. तिने शाडूच्या मातीच्या भिंती उभ्या केल्या आणि मग एकेक भिंत अंगठ्याने हळूच मोडली, खऱ्या शहरात मोडली आहे तशी. आइसक्रीमचे रिकामे डबे मातीत पुरून हौद केले, त्यांना खडीचे तुकडे चिकटवले. उत्तरेच्या दरवाज्यापाशी एक चिमुकली पाटी लावली आणि तिच्यावर दहा चिन्हं काढली. तशी पाटी तिथे खरोखरच सापडली आहे, आणि ती लिपी आजवर कोणालाही वाचता आलेली नाही. जागृतीला त्याची भारी गंमत वाटायची.

"आजोबा, म्हणजे त्या पाटीपुढे मोठेमोठे प्रोफेसरपण पहिलीत!" ती म्हणायची.

हे ती आजोबांना म्हणायची. वर्गात तिचा आवाज कोणी फारसा ऐकला नव्हता. हजेरीला तिच्या वतीने शेजारची मैत्रीणच "हजर" म्हणून टाकायची. पण या शहरापाशी बसली, की जागृतीचं बोट उत्तरेच्या दरवाज्यावर टेकायचं, मोडक्या भिंतीच्या खाचाखोचांवरून पुढे सरकायचं, आणि बोटामागून शब्द यायचे. इथे बाजार भरत असेल. इथून पावसाचं पाणी आत घ्यायचे. इथे मणी घडवायचे. खाच आली की वाक्य आलं. कमळाकर रोज संध्याकाळी पाटावर बसून सगळं शहर फिरून यायचे.

आणि त्या आठवड्यात एक नवल घडलं होतं. येत्या सोमवारी पालकांनी भरलेल्या हॉलमध्ये माइकवर कोण बोलणार, असं सरांनी विचारलं, तेव्हा एक हात वर गेला. जागृतीने तो हात पाहिला आणि मग तिच्या लक्षात आलं, की तो आपलाच आहे. घरी येऊन ती म्हणाली, "आजोबा, मी हो म्हटलं." तेव्हापासून कमळाकरांनी हा 'हो' फुलासारखा जपला होता. त्यांची लेक सोनल हिचं लग्न जमण्याची काळजी घरात सगळ्यांना होती. कमळाकरांना त्याहून मोठी काळजी ही होती, की सोमवारपर्यंत त्या 'हो'चा 'नाही' होऊ नये.

रविवारी सकाळी जागृती हॉल सजवायला शाळेत निघाली. जाताना म्हणाली, "आजोबा, भिंती ओल्या आहेत. कोणालाच हात लावू देऊ नका."

"माझ्यावर सोड," कमळाकर म्हणाले. तरुणपणी त्यांनी मिठागराचे बांध समुद्राच्या भरतीपासून राखले होते. त्यांच्या हिशेबाने हे काम सोपं होतं. पण भरती कशीही असली तरी ती जिन्याने वर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहत नाही. कमळाकरांच्या पत्नी पुतळाबाई राहिल्या.

"अवो, हे असंच ठेवनार?"

"कसं?"

"मोडकं!"

"मोडकंच हाय ते. पोरीनं मुद्दाम मोडलंय."

"मुद्दाम? आपला मिथुन बिल्डिंगी बांधतो. त्यानं कवा मुद्दाम मोडकं बांधलं तर लोक पोलिसात जातील."

पुतळाबाईंचं म्हणणं तुम्ही नीट समजून घ्या, कारण त्या रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. त्यांची लेक सोनल ऐरोलीच्या एका कंपनीत काम करत होती. तिथल्याच प्रीतमशी तिचं जमलं होतं, आणि त्या दुपारी प्रीतमचे आईवडील रीतसर घर बघायला येणार होते. शुभकार्याआधी पाहुण्यांच्या नजरेला घरातलं काहीही फुटकं-तुटकं पडू नये, ही पुतळाबाईंच्या सासूची शिकवण. म्हणून त्यांनी आठवडाभर घर विंचरून काढलं होतं. तडा गेलेला आरसा, कानतुटके कप, तीन पायांची खुर्ची, सगळं भंगारात गेलं होतं. आणि जेवणावळ गच्चीवर होती.

"मी फुटकी बशी ठेवली नाय घरात," त्या म्हणाल्या, "आन् तुमी पाहुन्यांच्या पानासमोर आख्खं गाव मोडून ठेवलंय!"

फळी हलवावी, तर ओल्या भिंतींना तडे गेले असते. म्हणून कमळाकरांनी तोड काढली. धुतलेली चादर आणून त्यांनी शहरावर अलगद पसरली. दोघं दोन पावलं मागे सरून बघत राहिले.

"काडा ती," पुतळाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पांढरी चादर... कोनीतरी आडवं निजलंय, असं दिसतंय."

खरंच तसंच दिसत होतं. कमळाकरांनी घाईघाईने चादर ओढली, आणि चादरीला चिकटून बालेकिल्ल्याची एक भिंत निघून आली.

त्यांनी शाडूचा गोळा भिजवला, गुडघ्यांवर बसले आणि भिंत पुन्हा बांधायला घेतली. हात बांध घालणाऱ्याचा. तो मोडकी भिंत घालू शकेना. कितीही केलं तरी भिंत सरळ, गुळगुळीत, पुरी उंच होत होती. अंगठ्याने मोडायला गेले, तर अंगठाच रेटेना.

"आता कशी भिंतीसारखी भिंत दिसते," पुतळाबाई खूश होऊन म्हणाल्या. "तिच्यावर एक छप्पर ठेवा. एकच. मी पाहुन्यांना तिथंच समोर बसवीन."

एकच म्हणून कमळाकरांनी मार्केटातून आलेल्या सफरचंदाच्या खोक्याचा पन्हाळीचा पुठ्ठा कापला आणि छप्पर ठेवलं. पण एका घरावर छप्पर आलं, की शेजारची घरं उघडी वाटायला लागतात. उघड्या घराकडे बघत राहणं पुतळाबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी खाली बसून दुसरं छप्पर ठेवलं, मग तिसरं. हौदाशेजारच्या एका लहानशा घरापाशी मात्र त्या रेंगाळल्या. छप्पर नीट बसवलं, आणि चिमूटभर माती घेऊन दारापुढे ओटाही घातला.

"हे माझं," त्या म्हणाल्या. "ओटा नसला तर मानसं बसतील कुठं?"

कारखान्यांसाठी गावाची शेतं गेली, त्या वर्षी भात कापून झाल्यावरही पुतळाबाई कितीतरी वेळ बांधावर बसून राहिल्या होत्या, हे कमळाकरांना आठवलं. मग त्यांना जागृती आठवली, आणि ते उठले. "बास झालं. पोर यायच्या आधी सगळं काढू."

तेवढ्यात त्यांचा मुलगा, जागृतीचे पप्पा मिथुन, मांडव बघायला वर आला. मिथुन गावातला छोटा बिल्डर. चुकीचं बांधकाम दिसलं, की त्याचे हात शिवशिवायचे.

"बाबा, हे छप्पर कोणी टाकलं? एका बाजूला कललंय की!"

"काडायचंच हाय ते."

"काढताय कशाला? भिंतच ओळंब्यात नाय, छप्पर बिचारं काय करणार! थांबा, दोन मिन्टाचं काम हाय."

दोन मिनिटांच्या कामासाठी पांढरं सिमेंट आलं, थापी आली. मिथुनने भिंतींना बाहेरून असा हात मारला, की शहर दुधाने धुतल्यासारखं दिसू लागलं. पांढऱ्या भिंतींना दारं हवीत असं त्याचं म्हणणं पडलं, म्हणून त्याने खाली हाक मारली, "सोनल, ती तुझी नखांच्या रंगाची बाटली घेऊन ये गं!"

सोनल नवी साडी नेसून वर आली. चेहरा उतरलेला, हात कापत होते. "दादा, लोक येतायत, तुला खेळ सुचतोय? मला इथं टेन्शननी उलटी होईल असं वाटतंय."

"म्हणूनच सांगतो. दारं रंगव. तेवढंच डोकं दुसरीकडे."

ती कुरकुरत बसली. पहिलं दार वाकडं गेलं, दुसरं बरं, आणि पाचव्या-सहाव्या दारापाशी तिचे हात कापायचे थांबले. कमळाकर तिला उठवायला पुढे झाले होते. लेकीचा चेहरा निवळलेला बघून तसेच मागे फिरले. आता तुम्हीच सांगा, कोणाला काय म्हणायचं? ज्याने त्याने प्रेमानेच हात लावला होता, आणि प्रत्येक हातासरशी शहरातली एकेक खाच बुजत चालली होती.

"सगळं झालं, पन तलाव कोरडं," पुतळाबाई म्हणाल्या. "कोरड्या तलावासमोर शुभ बोलनी करायची?" आणि त्यांनी टाकीचा पाइप आणून हौदात सोडला. तोवर खालून जागृतीच्या आईने विचारलं, वड्यांचं पीठ किती भिजवू? पुतळाबाई सांगायला कठड्याशी गेल्या आणि पिठात रमल्या. हौद भरले. मग गच्ची भरली.

थोड्याच वेळात जिन्यावर पावलं वाजली. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू नजीब वर आले. मूळ रायगडच्या किनाऱ्यावरचे, कोपरखैरण्यात शोभेच्या माशांचं दुकान. माणूस अतिशय सौम्य. त्या दिवशी मात्र त्यांच्या हातात कढई होती.

"काका, बघा. जाहिदा कांदा परतत होती. वरून पानी टपकलं ते थेट कढईत. पावसाळ्यात टपकतं ते मी समजू शकतो. आज तर आभाळ कोरडं हाय!"

मिथुनने धावत जाऊन पाइप बंद केला. त्याचा चेहरा पडला. ती गळती काढून देतो, असं तो नजीबना कितीतरी दिवसांपासून सांगत होता. "नजीबभाई, हळू बोला. पाहुणे येतायत. बिल्डरच्याच घराला गळती, असं नको व्हायला. उद्या माणूस लावतो, शप्पथ!"

"तुमचा उद्या माज्या कढईला कवा दिसलाच नाय," नजीब म्हणाले. मग त्यांची नजर शहरावर गेली आणि ते कढई विसरले. "माशाल्ला! हे काय केलंय? टाक्या तर एक नंबर. पन काका, उघडं पानी हाय, संध्याकाळी मच्छर होतील. फवारनीवाले बघतील तर बोंब मारतील. थांबा, गप्पी सोडतो. गप्पी मासे मच्छरांची अंडी खातात."

ते गेले आणि पाण्याने फुगलेली पिशवी घेऊन आले. हौदांत इवलेसे मासे सुळसुळायला लागले. हजारो वर्षं ओसाड पडलेलं शहर पावणे गावच्या गच्चीवर दुपारच्या आत नांदतं झालं, आणि नेमके त्याच वेळी पाहुणे आले.

प्रीतमचे वडील सयाजीराव जिना चढून वर आले, धाप घेतली आणि बघतच राहिले. निवृत्तीनंतर त्यांना एकच छंद होता. कुठेही नवी इमारत उठत असली, की ते आत जाऊन सगळी चौकशी करून यायचे. त्यांनी फळीला एक चक्कर मारली, खाली वाकून फळीच्या कडेवर लिहिलेलं नाव वाचलं, आणि मिथुनकडे आदराने पाहिलं.

"धोलावीरा. नाव जरा गुजराती वाटतं, पन भारदस्त हाय. तुमचा नवा प्रोजेक्ट ना?"

मिथुनने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. हे मी त्याच्या बाजूने सांगतो, खरंच उघडलं होतं. पण सयाजीरावांच्या मागून त्यांच्या पत्नी सुंदराबाई म्हणाल्या, "अगो बाय! सोनलच्या भावाचं काम एवढं मोठं हाय? प्रीतम, तू बोलला नायस!" आणि मिथुनचं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं तेव्हा त्यातून निघालं, "म्हंजे... चालू हाय."

"लोकेशन?"

"मिठागराच्या बाजूला."

"स्टेशनपासून चालत?"

"चालत जरा लांब पडेल."

"पानी तर मुबलक दिसतंय. आमच्या सोसायटीत बघा, टँकर आल्याबिगर आंघोळ नाय. आन् ही पाटी कुठल्या भाषेत?"

"ती डिझायनरनी केलीय. मॉडर्न हाय."

"वाचता येत नाय."

"कोणालाच येत नाय," मिथुन म्हणाला. दुपारभरात तो एवढं एकच खरं बोलला.

"ओसी आली? राहायला जायचा दाखला?" सयाजीरावांनी विचारलं. कमळाकरांना सरबताचा ठसका लागला. पुतळाबाई त्यांच्या पाठीवर थापट्या मारू लागल्या.

सयाजीराव आणखी एकदा फळीभोवती फिरले. मग लाल दाराच्या एका घरावर बोट ठेवून म्हणाले, "हे पूर्वेचं आमच्या नावावर ठेवा. पोरांना लग्नानंतर जागा बघायचीच हाय. घरच्या मानसाकडं घेतलं म्हंजे फसवनूक नाय."

सोनलने भावाकडे असं पाहिलं, की त्याला जिन्याकडे जावंसं वाटलं. पण जिन्यात कोणीतरी उभं होतं. शाळेचा गणवेश, केसांत रंगीत कागदाचे कपटे. जागृती.

जागृती हळूहळू फळीपाशी आली आणि सवयीने तिने बोट उत्तरेच्या दरवाज्यावर टेकवलं. बोट गुळगुळीत सिमेंटवरून सरकत गेलं. त्याला एकही खाच लागली नाही. ते शेवटपर्यंत गेलं आणि फळीवरून खाली पडलं. तिचे ओठ घट्ट मिटले. हे मिटणं कमळाकरांच्या ओळखीचं होतं. संपलं, त्यांनी मनात म्हटलं. आता उद्या सरांना फोन करून सांगावं लागणार.

"जागू," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "तू माझ्यावर सोडलं होतंस. पहिला हात माझाच लागला गो."

तिला काय झालंय हे सुंदराबाईंना कुठलं ठाऊक असणार? त्यांनी कौतुकाने तिला जवळ ओढलं. "तुज्या पप्पांनी केवढं बांधलंय, बघितलंस? तू यातल्या कुठल्या घरात राहनार?"

जागृतीने मान हलवली. मग अगदी बारीक आवाज आला, "इथे कोणी राहत नाही."

"म्हंजे पझेशन नाय दिलं अजून?" सयाजीरावांनी विचारलं.

"राहायचे. पाच हजार वर्षांपूर्वी. आता नाही राहत."

सयाजीरावांनी मिथुनकडे पाहिलं. मिथुनने टाकीकडे पाहिलं. सोनलने पदर तोंडाला लावला, आणि इतका वेळ शहाण्यासारखा बसलेला प्रीतम खुदकन हसला. "पप्पा, तुमी सगळ्यात जुनं, रीसेलचं घर बुक केलं!"

पण सुंदराबाई हसल्या नाहीत. त्या जागृतीच्या तोंडाकडेच बघत होत्या. "मंग ती मानसं गेली कुठं गो?"

सकाळपासून त्या शहराला कोणी भिंत दिली होती, कोणी छप्पर, कोणी पाणी. हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. जागृतीने वाकून सयाजीरावांच्या घराचं छप्पर दोन बोटांनी अलगद उचललं. आत, छपराखाली, भिंतीची कड तशीच होती. मिथुनचं सिमेंट बाहेरून लागलं होतं. वर अंगठ्याने मोडलेली प्रत्येक खाच शाबूत होती. तिचं बोट त्या खाचेत जाऊन बसलं.

"नक्की कोणालाच माहीत नाही," ती म्हणाली. "बहुतेक पाऊस कमी झाला. इथे दोन ओढे होते, ते आटले. पण सगळे एकदम नाही गेले. एकेक घर गेलं." आणि तिने हातातलं छप्पर सयाजीरावांच्या हातात दिलं. "हे तुमचं. तुम्ही आधी निघालात."

सयाजीरावांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. एवढ्या इमारती पाहिल्या होत्या त्यांनी, पण घर सोडून निघायचं कसं, हे त्यांना कोणी दाखवलं नव्हतं. पुठ्ठ्याचं छप्पर छातीशी धरून ते बाजूला उभे राहिले.

मग जागृती बोलतच गेली. हे सोनलआत्याचं, मणी घडवणाऱ्यांचं. हे पप्पांचं, गवंड्यांचं. एकेक छप्पर निघत होतं आणि ज्याच्या त्याच्या हाती जात होतं. हौदांपाशी आली तेव्हा ती थांबली, नजीबकाकांकडे वळली आणि म्हणाली, "काका, पाणी आटणार आहे. माशांना आधी न्या." नजीब बिचारे धावत जाऊन कढईच घेऊन आले. मिथुनने थापी उचलली आणि आपलंच सिमेंट हलक्या हाताने खरवडायला बसला. आयुष्यात एवढं जपून त्याने काही पाडलं नव्हतं.

शेवटी हौदाशेजारचं लहानसं घर उरलं. त्यावर पुतळाबाईंचा तळवा होता.

"आजी," जागृती म्हणाली, "सगळे गेले."

"जाऊ देत. मी नाय जायाची," पुतळाबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण तळवा उचलत नव्हत्या. "आताच ओटा घातलाय मी."

जागृतीने आजीच्या हाताकडे पाहिलं, मग आजोबांकडे. आजोबांनी नुसती मान हलवली. तिने त्या घराला हात लावला नाही. वळसा घालून ती पुढच्या गल्लीत गेली.

पाहुणे जेवले, पोटभर जेवले. सुंदराबाईंनी निघताना सोनलची ओटी भरली आणि पुतळाबाईंना म्हणाल्या, "आमची जागा बघायची राहिली, पन तुमचं घर आवडलं." गळतीचं काम नजीबनी सयाजीरावांच्या देखत मिथुनकडून कबूल करून घेतलं. साक्षीदार मिळाल्यावर ते लवकर होतं.

सोमवारी मिथुनचा टेम्पो धोलावीरा घेऊन शाळेत गेला. काही भिंतींवर सिमेंटचा पांढरा डाग राहिला होता, एका दारावर लाल रंगही. हॉल भरला. कमळाकर आणि पुतळाबाई भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसले. माइकपाशी जागृती उभी होती, ओठ मिटून.

सर फळीभोवती फिरले, एका जागी थांबले आणि त्यांनी चष्मा वर केला. "जागृती, सगळं शहर ओसाड, छपरं कुठेच नाहीत. मग या एकाच घराला छप्पर कसं? राहून गेलं का?"

कमळाकर अर्धे उठले. चूक माझी, असं ओरडून सांगावं, असं त्यांना वाटलं. पुतळाबाईंनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

"राहून नाही गेलं, सर," जागृती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "त्या घरातली आजी अजून निघालेली नाही."

सगळा हॉल हसला. सर हसले, पालक हसले, पुतळाबाईंनी पदराने तोंड झाकून घेतलं. जागृती घाबरली नाही. हसू ओसरेपर्यंत ती थांबली. मग तिने माइक आपल्या उंचीएवढा खाली ओढला, एक बोट उत्तरेच्या दरवाज्यावर टेकवलं, आणि दुसऱ्या हाताने त्या भरल्या हॉलला खूण केली, की या, आत या.